टपावरचा अँटेना आणि दहा थांबे : गाडीतल्या एका स्कॅनरचं प्रकरण

पार्श्वभूमी

कॅलिफोर्नियात लिव्हरमोर गावाच्या दक्षिणेला माइन्स रोड नावाचा एक अरुंद, वळणावळणाचा रस्ता डोंगरात शिरतो. पक्षी बघणाऱ्यांचा हा लाडका रस्ता. पहिले काही मैल गेले की मोबाइल फक्त वेळ बघायला उरतो. आमचे काका आणि काकू महिन्यातून दोनदा तरी दुर्बिणी, थर्मास आणि धपाट्यांचा डबा घेऊन तिकडे जातात. मंडळात लहानथोर सगळे त्यांना काका-काकूच म्हणतात, खऱ्या नावांची इथे गरज नाही.

१६ ऑगस्ट २०२० ला या भागात कोरड्या विजा पडल्या आणि अनेक काउंटींमध्ये, म्हणजे जिल्ह्यांमध्ये, वणवे पेटले. एससीयू लाइटनिंग कॉम्प्लेक्स या नावाने ते नोंदले गेले. सुमारे ३ लाख ९६ हजार एकर जमीन जळाली, त्यात माइन्स रोडच्या आजूबाजूचे डोंगरही होते. त्या दिवशी काका-काकू घरी होते, हे नशीब. पण पुढच्या वर्षी त्या रस्त्याने जाताना काळे पडलेले ओक बघून काकू म्हणाल्या, "आपण इथे असतो तर आपल्याला कळलं कसं असतं?" मोबाइलवर स्कॅनर ऐकवणारी ॲप आहेत, पण जिथे मोबाइलच चालत नाही तिथे ती काय कामाची? काकांनी गाडीसाठी स्कॅनर घेतला.

स्कॅनर म्हणजे नुसता ऐकायचा रेडिओ. ठरवून दिलेल्या वारंवारता तो भराभर चाळतो, कोणी बोलताना सापडलं की थांबतो. कॅलिफोर्नियात गाडीत असा रेडिओ ऐकायला बंदी नाही. न्यूयॉर्क, फ्लोरिडा अशा काही राज्यांत गाडीतल्या स्कॅनरवर निर्बंध आहेत, हौशी रेडिओ (हॅम) परवाना असणाऱ्यांना त्यातून सूट मिळते. काकांच्या पुण्याच्या भाच्याने "मला पण एक आणा" असा निरोप धाडला होता, त्याला मीच नाही म्हणायला लावलं. भारतात १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून असा रिसीव्हर परवान्याशिवाय जवळ बाळगणंच बेकायदा आहे. परवाना काढ, मग बोलू.

मी या प्रकरणात आलो ते हौशी रेडिओचा परवाना आहे म्हणून. काकांच्या भाषेत, "तुला त्या काड्यांमधलं कळतं म्हणून."

अडचण

काकांना पाच गोष्टी ऐकायच्या होत्या, आणि त्या वारंवारतांच्या चार वेगवेगळ्या पट्ट्यांत राहतात. सगळं प्रकरण समजायला हे आधी डोक्यात बसायला हवं.

राज्याच्या अग्निशमन खात्याचं, म्हणजे कॅल फायरचं, बोलणं १५१ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतं. हवामान रेडिओ १६२.४०० ते १६२.५५० या सात वाहिन्यांवर. आग विझवणारी विमानं एकमेकांशी बोलतात ती बहुतेक ११८ ते १३७ च्या विमान पट्ट्यात, तेही एएम पद्धतीने. हायवे पेट्रोल, म्हणजे महामार्ग पोलीस, अजून ४२ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या जुन्या खालच्या पट्ट्यात आहे. गावातली फायर इंजिनं आणि पोलीस ७०० ते ८०० मेगाहर्ट्झच्या डिजिटल ट्रंक यंत्रणेवर, म्हणजे जिथे थोड्या वाहिन्या अनेकांत आळीपाळीने वाटल्या जातात.

अँटेनाची लांबी वारंवारतेवर ठरते. पाव तरंगलांबीची काडी सेंटिमीटरमध्ये काढायची तर ७१२५ ला मेगाहर्ट्झने भागायचं. ४२ साठी १७० सेंटिमीटर येतात, म्हणजे काकूंच्या उंचीपेक्षा जास्त. १५५ साठी ४६. ८०० च्या वर जेमतेम ९ सेंटिमीटर, करंगळीहून थोडी मोठी. एकाच काडीने हे सगळं साधायचं तर कुठे तरी तडजोड आलीच.

काकांनी घेतला होता तो बहुपट्टा अँटेना. मीटरभराची काडी, मध्ये तीन ठिकाणी गुंडाळ्या, खाली चुंबकी बूड, साडेचार मीटर बारीक केबल. खोक्यावर लिहिलं होतं २५ ते १३०० मेगाहर्ट्झ. एवढ्या पल्ल्यात काहीतरी ऐकू येतं हे खरं, सगळं चांगलं ऐकू येतं असं खोक्यानेही म्हटलं नव्हतं.

तक्रार अशी होती : हवामान रेडिओ गावातसुद्धा खरखरत होता, डोंगरात गप्प. कॅल फायरचं एक वाक्य आलं तर पुढची दोन नाहीत. हायवे पेट्रोलच्या पट्ट्यात एकसारखी गुणगुण, जणू गाडीत कोणी मिक्सर लावलाय. आणि डिजिटल यंत्रणेवर सिग्नलच्या पट्ट्या भरलेल्या, आवाज मात्र पाण्याखालून बोलल्यासारखा बुडबुड.

पहिला निर्णय, आणि तो चुकला

काकांनी मला फोन करायच्या आधीच दुसरा अँटेना मागवला होता. त्याच जातीचा, दुप्पट किमतीचा. तो आला, लावला, फरक शून्य. मग तिसरा बघत होते तेव्हा काकूंनी माझा नंबर फिरवला.

असं बहुतेकांचं होतं, माझंही झालंय. ऐकू येत नाही म्हणजे अँटेना वाईट, हे पटकन पटतं, कारण अँटेना डोळ्यांना दिसतो आणि दुकानात मिळतो. गाडीतला गोंगाट दिसत नाही, आणि चिमटलेली केबल बाहेरून शाबूत दिसते.

मी गेलो आणि आधी काहीच विकत घ्यायचं नाही असं ठरवलं. आधी मोजायचं कसं ते ठरवलं.

मोजायची पद्धत

कॅल फायर कधी बोलेल याचा नेम नाही. तेव्हा "कालच्यापेक्षा आज बरं वाटलं" असल्या अंदाजांवर काही ठरत नाही. मोजायला चोवीस तास चालू असणारा सिग्नल हवा. हवामान रेडिओ अखंड बोलतो आणि १५१ पासून फार लांब नाही, म्हणून तो धरला. विमान पट्ट्यासाठी लिव्हरमोर विमानतळाचं एटीस, म्हणजे वैमानिकांना हवा सांगणारी ध्वनिफीत, तीही फिरत राहते. डिजिटल यंत्रणेची नियंत्रण वाहिनी, म्हणजे कोणी कुठल्या वाहिनीवर बोलायचं ते सांगणारी, कधी थांबत नाही. खालच्या पट्ट्यालाच असा खुंटा नव्हता. तिथे फक्त गोंगाट किती कमी झाला एवढंच बघायचं.

काकूंच्या पक्ष्यांच्या वहीच्या मागच्या पानावर दहा थांबे लिहिले. गावातले दोन, मग माइन्स रोडवरचे आठ. प्रत्येक थांब्यावर गाडी त्याच जागी, त्याच दिशेला तोंड करून उभी करायची आणि हवामान रेडिओ स्पष्ट, अर्धवट की बंद एवढंच लिहायचं. हातभर सरकलं तरी दरीत फरक पडतो, म्हणून एका थांब्याला काकूंनी दगडावर खडूने खूण केली. पहिल्या फेरीत दहापैकी तीन थांब्यांवर स्पष्ट ऐकू आलं.

पुढे काय करता येईल

आमच्यासमोर तेव्हा असलेले पर्याय एकाच वजनाचे नव्हते.

सिग्नल वाढवणारा प्रीॲम्प्लिफायर सगळ्यात सोपा वाटत होता आणि काकांना तोच हवा होता. माझ्याकडे एक पडून होता, लावून बघितला. डोंगरात किंचित बरं वाटलं, पण गाव जवळ आल्यावर हवामान रेडिओवर मध्येच कोणत्या तरी एफएम केंद्राचं गाणं घुसायला लागलं. जवळच्या जबर सिग्नलने रिसीव्हर तुंबला की असली भेसळ होते. एफएमचा पट्टा अडवणारा फिल्टर पुढे लावला तर ती कमी होते, पण मग आपण एका दुखण्यावर दुसरं औषध चढवतो. शिवाय ॲम्प्लिफायर गोंगाटही तितकाच वाढवतो. गाडीतूनच घाण येत असेल तर ती मोठ्याने ऐकू येण्यापलीकडे काही होत नाही. काढून ठेवला.

दुसरा मार्ग, प्रत्येक पट्ट्याला वेगळा अँटेना आणि ते जोडायला डायप्लेक्सर. तांत्रिकदृष्ट्या हाच खरा, पण टपावर तीन काड्या बघून काकू म्हणाल्या, "गाडी आहे की साळिंदर?" त्यावर वाद घालायची माझी इच्छा नव्हती.

तिसरा, टपाच्या मधोमध भोक पाडून पक्कं बूड बसवणं. हे ऐकल्यावर काकूंनी चहाचा कप खाली ठेवला. "नऊ वर्षं जपलेली गाडी आहे. पाऊस आत आला तर तू येणारेस पुसायला?" तेव्हा हा विषय बंद झाला. पुन्हा उघडला, तोही काकूंनीच.

चौथा, काही न घेता असलेलंच तपासणं. कंटाळवाणा, पण फुकट. तिथून सुरुवात केली.

गाडीतला गोंगाट

एका थांब्यावर, जिथे हवामान रेडिओ अर्धा खरखरीत बुडालेला होता, तिथे गाडी उभी केली. मुद्दाम असा कमजोर सिग्नल निवडायचा. एफएमवर सिग्नल पुरेसा असला की रिसीव्हर गोंगाट दाबून टाकतो आणि काही कळत नाही, काठावरचा सिग्नल मात्र लगेच चुगली करतो.

इंजिन बंद, किल्ली काढलेली : आवाज एकदम निवळला. म्हणजे दोषी गाडीतच होता. किल्ली लावली, इंजिन बंदच : खरखर परत. म्हणजे इंजिनातल्या ठिणगीचा काही संबंध नाही, चालू झालेल्या कुठल्या तरी उपकरणाचा आहे. मग एकेक वायर उपटायला घेतली. मोबाइलचा चार्जर काढला, थोडा फरक पडला. आरशाजवळच्या डॅशकॅमची पिन काढली, आणि हवामान निवेदकाचा आवाज जणू शेजारच्या खुर्चीतून यायला लागला. पिन आत, खरखर. पिन बाहेर, स्वच्छ. काकांनी चार वेळा आत-बाहेर केली, पाचव्या वेळी काकूंनी करून बघितली.

डॅशकॅम जावयाने दिलेला होता. त्याची वायर आरशापासून टपाच्या अस्तरातून मागे गेलेली, म्हणजे अँटेनाच्या थेट पोटाखालून. असल्या उपकरणाला १२ व्होल्टचे ५ करून देणारा छोटा अडॅप्टर लागतो. तो वीज सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद करून व्होल्टेज उतरवतो आणि त्या चालू-बंदची पिल्लं व्हीएचएफपर्यंत, म्हणजे आपल्या १५०-१६० च्या पट्ट्यापर्यंत, पसरतात. बरी जाळी-फिल्टर असलेला अडॅप्टर घेतला, त्याच्या दोन्ही बाजूंच्या वायरींचे, गोंगाट शोषणाऱ्या फेराइटच्या कड्यातून तीन-तीन वेढे घेतले. फेराइट घेताना मिश्रण बघावं लागतं. ३१ नंबरचं मिश्रण साधारण ३०० मेगाहर्ट्झपर्यंतच्या गोंगाटाला चांगलं. ६१ नंबरचं त्याच्या वरच्या पट्ट्यांना. रंगरूप दोन्हींचं सारखंच, आणि खोक्यात एकत्र टाकले की कोणतं कोणतं हे पुन्हा ओळखू येत नाही.

मोबाइलचा चार्जरही बदलला. फेरी मारली : दहापैकी पाच थांबे स्पष्ट. अँटेनाला अजून हातही लावला नव्हता.

इथे एक गोष्ट अनपेक्षित घडली. ४२ मेगाहर्ट्झची ती मिक्सरची गुणगुण गेली, आणि हायवे पेट्रोलचं डोंगरमाथ्यावरचं केंद्र बऱ्यापैकी ऐकू यायला लागलं. खालच्या पट्ट्यात हवेतलाच गोंगाट इतका असतो, की आखूड अँटेना सिग्नल कमी पकडतो तसा तो गोंगाटही कमीच पकडतो. दोघांचं गुणोत्तर फारसं बिघडत नाही. बिघडवते ती गाडीतली स्वतःची घाण. मी काकांना पावणेदोन मीटरची काडी लागेल असं सांगून बसलो होतो, ती मला परत घ्यावी लागली.

जागा आणि केबल

काकांनी अँटेना टपाच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात ठेवला होता, कारण तिथून केबल मागच्या दारातून आत घ्यायला सोपी. शेजारीच सामान बांधायचा लोखंडी कॅरियर. पाव तरंगलांबीची काडी म्हणजे अर्धाच अँटेना असतो, उरलेला अर्धा खालचा पत्रा. तो चारही बाजूंना साधारण काडीच्या लांबीइतका पसरलेला हवा. कोपऱ्यात ठेवला की एका बाजूला पत्रा, एका बाजूला हवा, आणि सिग्नल पत्र्याच्या बाजूने जास्त, दुसरीकडून कमी. कॅरियरचे दांडे त्यात आणखी खोडा घालतात. आमच्या वहीत हे सरळ दिसत होतं. एका थांब्यावर गाडी उलटी उभी केली की अर्धवटचं स्पष्ट व्हायचं.

मधोमध सरकवण्यासाठी बूड उचललं तेव्हा केबल हाताला लागली. मागच्या दाराच्या रबरात ती रोज चिमटत होती. त्या जागी बोट फिरवलं तर वरचं काळं आवरण चपटं, टोकाला केसासारखी चीर. मी पातीने आवरण लांबीच्या दिशेने कापलं. आत तांब्याची जाळी चकाकायला हवी होती. ती हिरवट-काळी पडलेली, नखाने खरवडली तर भुगा झाला. पावसाचं पाणी त्या चिरेतून आत शिरून केबलभर पसरलेलं, पार वीतभर पुढे. काका म्हणाले, "हे तर दोन वर्षांत सडलं." मी म्हटलं, "काका, हे पहिल्या पावसाळ्यातच सडलं असणार. तुम्ही दोन वर्षं सडक्या केबलवर ऐकत होतात."

केबलची गळती हा वेगळा मुद्दा. असली बारीक केबल, आरजी-१७४ जातीची, ८०० मेगाहर्ट्झला साडेचार मीटरमध्ये सुमारे ४ डेसिबल खाते, म्हणजे निम्म्याहून जास्त सिग्नल वाटेतच संपतो. १५० ला दीडेक डेसिबल, फार नाही. बऱ्या कमी गळतीच्या केबलने ८०० ला हे २ च्या आसपास येतं. जाता जाता : टीव्हीची ७५ ओमची केबल ५० ओमच्या रेडिओला चालते का यावर लोक पानंच्या पानं लिहितात. ऐकण्यापुरतं चालते. त्या बेमेळातलं नुकसान पाव डेसिबलही नसतं, सडक्या जाळीचं मोजायलाच नको.

तात्पुरतं म्हणून माझ्याकडचं चुंबकी बूड चांगल्या केबलसह टपाच्या मध्यावर ठेवलं आणि त्यावर बहुपट्ट्याऐवजी साधी पाव तरंगलांबीची काडी लावली, सुमारे ४६ सेंटिमीटर. गुंडाळ्या नाहीत, काही नाही. १५५ ला नेमकी, १६२ ला आणि विमान पट्ट्यालाही बरी, आणि ४६० च्या आसपास तीच काडी पाऊण तरंगलांबीची होऊन चालते. ऐकण्यासाठी लांबी मिलिमीटरवर जुळायची गरज नाही. बोलायचं असतं तर गोष्ट वेगळी.

तिसरी फेरी : दहापैकी आठ.

जास्त सिग्नलचा त्रास

इथपर्यंत सगळे खूश. मग काका गावातून शेजारच्या डब्लिन गावाच्या बाजूला गेले आणि फोन आला : "अरे, गावातलं डिजिटल तर आधीपेक्षा वाईट झालंय!"

खरंच झालं होतं. सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्वेकडच्या भागातली ही यंत्रणा सायमलकास्ट पद्धतीची आहे. अनेक मनोरे एकाच वारंवारतेवर एकाच वेळी तेच बोलणं प्रसारित करतात. आपल्यापर्यंत ते वेगवेगळ्या अंतरांवरून, मायक्रोसेकंदांच्या फरकाने पोहोचतं. पोलिसांचे रेडिओ त्यासाठीच बनवलेले असतात. साध्या स्कॅनरची डोकेफोड होते, आकडे एकमेकांवर चढतात आणि आवाज बुडबुडतो. सिग्नलच्या पट्ट्या भरलेल्या असूनही. आमच्या जुन्या सडक्या केबलला जवळचा एकच मनोरा कसाबसा ऐकू येत होता, नव्या अँटेनाला तीन-तीन ऐकू यायला लागले. चांगल्या अँटेनाने वाईट केलं ते असं.

उपाय उलटा असतो : सिग्नल कमी करा. स्कॅनरमध्ये ॲटेन्युएटर, म्हणजे मुद्दाम सिग्नल दाबायची सोय, त्या यंत्रणेपुरती चालू करून ठेवली. काही रस्त्यांवर आवाज सुधारला, शेजारच्याच प्लेझंटन गावच्या एका चौकात काहीच झालं नाही. कधी कधी गाडी दोन मीटर पुढे घेऊन, एखादी इमारत मधे आणूनही काम होतं. खरा तोडगा रिसीव्हर बदलण्याचा. २०१८ पासून आय-क्यू पद्धतीने, म्हणजे सिग्नलचा जोर आणि कला (फेज) दोन्ही, वाचणारे स्कॅनर आले आहेत, सायमलकास्ट ते बरंच सांभाळतात.

काकांनी तो घेतला नाही, आणि मला तो निर्णय बरोबर वाटतो. ऑक्टोबर २०२० मध्ये राज्याच्या न्याय विभागाने लोकांची खासगी माहिती उघड्या रेडिओवर जाऊ नये असं परिपत्रक काढल्यानंतर अनेक पोलीस खात्यांनी बोलणं कूटबद्ध केलं. कूटबद्ध बोलण्यावर कोणताच अँटेना, कोणताच स्कॅनर चालत नाही. उरली गावची फायर इंजिनं. आणि काकांना हवा होता डोंगरातला वणवा, तो १५१ वर.

भोक

केबलचा प्रश्न मात्र राहिला होता. चुंबकी बूड ठेवलं की केबल कुठल्या तरी दाराच्या रबरातूनच जाणार, आणि तिथेच पुन्हा सडणार. बॉनेटच्या फटीत बसणारी पट्टी लावून बघितली. भोक नको, केबल सरळ इंजिनच्या बाजूने आत. पण मागचा अर्धा सिग्नल गाडीच्या काचेआड आणि टपाआड गेला, आणि वहीत आठाचे सहा झाले.

त्या संध्याकाळी काकूंनी वही समोर घेतली, सहाचा आकडा बघितला आणि म्हणाल्या, "पाडा भोक. पण आधी गॅरेज." गॅरेजच्या दारातून काडी जाते का हे केरसुणी टपावर उभी धरून मोजलं. जरा वाकून जात होती. चालेल म्हणाल्या.

टपाच्या मध्यावर छताचा दिवा असतो. तो खाली ओढला की वर पत्रा हाताला लागतो, म्हणून जागा तिथेच घेतली. आतून अस्तर लाकडाच्या तुकड्याने खाली दाबून धरलं. या पक्क्या बुडाला, एनएमओ म्हणतात त्याला, १९ मिलिमीटरचं भोक लागतं, आणि त्यासाठीची करवत मिळते जिला थांबा असतो, पत्रा कापला की ती पुढे घुसत नाही. साधं ड्रिल घेतलं तर ते अस्तर फाडून खाली बसलेल्याच्या डोक्यापर्यंत येतं. भोकाभोवती चिकटपट्टीचा चौकोन, काकूंच्या हातात व्हॅक्यूमची नळी. पत्र्याचा कीस रंगावर राहिला तर रात्रीत गंजतो, आठवड्यात टिपके पडतात. करवत हळू फिरवली, दीड मिनिट लागलं. पडलेली चकती काकांनी खिशात टाकली, ती अजून त्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात आहे.

आतल्या बाजूने भोकाभोवतीचा रंग खरवडून पत्रा उघडा केला, नाहीतर बुडाचे दात नुसत्या रंगावर बसतात. वरच्या रबरी कड्याला सिलिकॉनचं ग्रीस, चिकटवणारं सीलंट नाही. केबल मागच्या खांबातून खाली उतरवताना मूळ वायरींच्या जुडग्याला बांधत नेली. तिथे पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असते, तिच्या पुढून केबल टाकणं म्हणजे अपघातात स्वतःवर दोर फेकणं.

परिणाम

चौथी फेरी : दहापैकी आठ. तेवढेच.

काका जरा हिरमुसले. पण वहीतलं खरं आहे. टपाच्या मध्यावर ठेवलेलं चांगलं चुंबकी बूड आणि भोकातलं पक्कं बूड, १५० मेगाहर्ट्झला दोघांत कानाला कळेल एवढा फरक नसतो. भोकाने मिळालं ते टिकणं. केबल कुठे चिमटत नाही, पाणी कुठे शिरत नाही, कार वॉशमध्ये काडी फिरवून काढली की काम झालं, वर टोपी लावायची. पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा मोजलं, आठच. उरलेले दोन थांबे दरीच्या तळाशी आहेत, समोर डोंगर आहे, आणि तिथे काकू स्कॅनर बंदच करतात, कारण तिथेच घुबड असतं.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्याच दिवशी किल्ली काढून ऐकलं असतं तर दुसऱ्या अँटेनाचे पैसे वाचले असते. त्याला एक मिनिट लागतं आणि मी स्वतः ते चौथ्या भेटीत केलं, कारण आधी मीही अँटेनाच उलटसुलट बघत बसलो होतो. केबल तपासतानाही मी बाहेरून बघून "ठीक दिसतेय" म्हणालो होतो. जाळी आणि मधली तार यांच्यात मीटर लावून, केबल हाताने वाकवत वाकवत तपासायला हवी होती.

भोकाबद्दल माझं मत आजही दोलायमान आहे. ज्याची गाडी भाड्याची किंवा नवी आहे, त्याला मी मध्यावर चुंबकी बूड आणि केबल न चिमटणारी वाट शोध एवढंच सांगेन. काही गाड्यांचा टप ॲल्युमिनियमचा असतो, त्याला चुंबक चिकटतच नाही, तिथे चर्चाच संपते. डायप्लेक्सर आणि ८०० ची वेगळी बोटभर काडी हा मार्ग आम्ही साळिंदराच्या एका वाक्यावर सोडला. ज्याला गावातलं डिजिटलच ऐकायचं आहे त्याने तो सोडू नये, अर्थात रिसीव्हर आधी बघून.

मोजण्याची वही मात्र पहिल्या दिवशीच काढली ते बरं झालं. तिच्यामुळे बॉनेटची पट्टी एका दुपारी बाद झाली, नाहीतर ती "बरी दिसते" म्हणून राहिली असती.

गेल्या उन्हाळ्यात जावई आले आणि त्यांनी सासऱ्यांना नवा, मागचाही कॅमेरा असलेला डॅशकॅम बसवून दिला, सोबतच्या अडॅप्टरसकट. पुढच्याच शनिवारी माइन्स रोडवर हवामान रेडिओ खरखरला. या वेळी फोन आला नाही. काकूंनी गाडी कडेला घ्यायला लावली आणि स्वतःच पिन उपटली.